लेकीची झोप उडालीय का?

तायांनो, या महिन्याच्या बैठकीत बचत-कर्जाचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा आणि हा पाठ मोठ्यानं वाचा.

आपल्यातल्या कितीतरी जणींनी गटाचं कर्ज काढून लेकीला कॉलेजात घातलंय. कुणाची एसटीनं तालुक्याला जाऊन-येऊन शिकते, कुणाची शहरात होस्टेलवर राहते. फी, पास, मेसचे पैसे, सगळा हिशेब आपण ठेवतो. पण पोरगी रात्री झोपते किती, हे विचारतो का?

या वयात रोज 7 ते 9 तास झोप लागते. परीक्षेच्या आठवड्यात झोप कमी झाली तर घाबरू नका, ती नंतर भरून निघते. पण आठवड्यातून 3 किंवा जास्त रात्री डोळा लागत नाही, मध्येच झोप मोडते, आणि असं 3 महिने चालू आहे, तर तो निद्रानाश. हा आजार आहे, आळस किंवा नखरे नव्हेत. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त आढळतो.

काळजीनं झोप उडते. झोप उडाली की चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, मग काळजी आणखी वाढते. निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो.

मग मुली सांगत का नाहीत? “झेपत नसेल तर सोड कॉलेज,” असं म्हणून घरचे स्थळ बघायला लागतील, ही भीती. म्हणून पहिलं वाक्य हे बोला: “तुझं शिक्षण थांबणार नाही. काय होतंय ते सांग.”

काय करायचं?

1. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ एकच ठेवायची.
2. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. झोपण्याआधी तासभर मोबाईल बाजूला.
3. सतत थकवा असेल तर रक्त आणि थायरॉईड तपासून घ्या.
4. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नका.
5. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर 3 महिने थांबू नका. आशाताईंशी बोला, सरकारी दवाखान्यात दाखवा.
6. टेलि-मानसला 14416 वर फोन करा. फोन मोफत आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलगी होस्टेलवरूनही करू शकते.

“जगून काय उपयोग,” असं ती बोलली तर ते रागाचं बोलणं समजू नका. तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

बैठकीत बोलूया

- या आठवड्यात लेकीशी पैसे आणि अभ्यास सोडून आपण काय बोललो?
- दवाखान्यात जायला एखादीला सोबत लागली, तर गटातली कोण जाईल?

आज घरी गेल्यावर लेकीला एवढंच विचारा, “रात्री झोप लागते का गं?” आणि ती बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका.