मुकादमाच्या भरवशावर जिनिंग

हिंगणघाट भागातल्या जिनिंगवाल्यांचं माणसांचं नियोजन म्हणजे दसऱ्याच्या सुमारास मुकादमाला फोन आणि हातावर उचल. मी या धंद्यात हिशेब सांभाळतो. मुकादम माणसं मोजून देतो. त्यांतल्या कोणाला काय येतं, ते तुम्हालाच बघावं लागतं.

एका जिनिंगातला फिटर भर जानेवारीत जास्त पगारावर यवतमाळकडे निघून गेला. मजूर पुरे होते, आवारात कापसाच्या गंज्या होत्या, रेचे (सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं) फिरत होते. पण रोलरवरच्या खाचा झिजल्या की रुई नीट ओढली जात नाही. त्या पुन्हा पाडायच्या कधी, पातं किती दाबून बसवायचं (जास्त दाबलं की रोलर तापतो), हे त्या एकट्याच्याच हाताला ठाऊक. बघता बघता गठाणी निम्म्यावर आल्या. प्रेसवरची माणसं बसून राहिली, रोजी मात्र चुकली नाही. बाहेरून आणलेल्या फिटरने मागेल तेवढे घेतले.

म्हणून माणसांच्या नियोजनाची सुरुवात गठाणीपासून करा. १७० किलोच्या गठाणीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. सौदे किती, त्याला रेचे किती, पाळ्या किती, हे आधी मांडा. मग कामापुढे नावं लिहा. जिथे एकच नाव येईल तिथे लाल खूण.

आवकेचे अंदाज मात्र दोन ठेवा. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेने शेतकऱ्यांनी माल घरात धरून ठेवला आणि आवक उन्हाळ्यापर्यंत रेंगाळली. मजुरांचे सगळे करार मार्चपर्यंतचे असतील तर अशा वर्षी काय कराल?

कापूस साफ करणाऱ्या बाया ऑक्टोबरात सोयाबीनच्या सोंगणीला जातात, पुढे वेचणीला. तिथे किलोमागे पैसे सुटतात. तुमची रोजी कमी पडली तर त्यांनी का यावं? होळीला बाहेरगावचे मजूर घरी जाणारच. होळी कॅलेंडरात छापलेली असते, तरी दरवर्षी ऑफिसात धावपळ!

पावसाळ्यात यंत्रं उघडलेली असतात. तेव्हाच आयटीआयचा एखादा पोरगा फिटरच्या हाताखाली द्या. ३० किंवा जास्त कामगार असले तर शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारकच आहे. त्यांना चहा आणायला पिटाळू नका. फिटरला बिगरहंगामात निदान अर्धा पगार चालू ठेवा आणि शिकवण्याचे पैसे वेगळे ठरवा. आपली जागा घेणारा माणूस तो फुकटात कशाला तयार करील?