पायथॉनमधील चुका आणि कारण शोधण्याची सवय



पायथॉन ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. आज शाळा-कॉलेजातून ती शिकविली जाते, आणि आमच्या डोलवी परिसरातील मुले-मुलीही ती शिकू लागली आहेत, ही समाधानाची बाब होय. परंतु आमच्या पाहण्यात असे आले आहे की, पडद्यावर दोष दाखविणारा मजकूर उमटला की विद्यार्थी गांगरतो. "हे आपले काम नव्हे" असे म्हणून तो उठतो, किंवा कोणाकडून तरी तयार उत्तर उतरवून घेतो. दोन्ही गोष्टींनी शिक्षण थांबते. म्हणून नेहमी आढळणाऱ्या काही चुका, त्यांची कारणे व उपाय येथे मांडीत आहोत. संगणकावर आज्ञा रोमन अक्षरांतच लिहावयाच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत.

भगवान बुद्धांनी दुःख आहे एवढेच सांगून थांबविले नाही. दुःखाला कारण आहे, कारण नाहीसे करता येते व त्यासाठी मार्ग आहे, हेही सांगितले. चूक दुरुस्त करण्याची रीतही याच क्रमाने जाते. प्रथम चूक मान्य करावी, मग कारण शोधावे, आणि त्यानंतरच उपाय करावा.

१) दोषाचा मजकूर कसा वाचावा?

पायथॉन जेव्हा अडतो तेव्हा 'ट्रेसबॅक' नावाचा लांबलचक मजकूर देतो. तो खालून वर वाचावा. अगदी शेवटच्या ओळीत दोषाचा प्रकार असतो, आणि तिच्यावर तो कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीवर घडला ते असते. २०२२ साली आलेल्या ३.११ या आवृत्तीपासून तर ओळीतील नेमकी जागाही खुणेने दाखविली जाते. मात्र 'सिंटॅक्स एरर' आल्यास दाखविलेल्या ओळीच्या आधीची ओळही पाहावी. पुष्कळदा कंस तेथे उघडा राहिलेला असतो. जुन्या पुस्तकावरून शिकणाऱ्यांची 'प्रिंट' ही आज्ञा कंसाअभावी अडते. ती पुस्तके पायथॉन २ ची असतात, आणि त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे.

बँकेत संध्याकाळी ताळा जुळला नाही, तर सर्व व्हाउचरे पुन्हा लिहीत नाहीत. फरक कोठे सुरू झाला ते शोधतात. येथेही तेच करावे. मध्ये मध्ये 'प्रिंट' घालून किंमत कोठपर्यंत बरोबर होती ते पाहावे.

२) लायब्ररी सापडत नाही

'मॉड्यूल नॉट फाउंड' असा दोष आला की विद्यार्थी म्हणतो, "पण मी तर ती बसविली आहे!" बहुधा संगणकावर दोन पायथॉन असतात. लायब्ररी एकात बसते आणि प्रोग्रॅम दुसऱ्यात चालतो. 'पिप इन्स्टॉल' असे सुटे न लिहिता 'पायथॉन -एम पिप इन्स्टॉल' असे लिहावे, म्हणजे ज्या पायथॉनने प्रोग्रॅम चालवावयाचा त्यातच लायब्ररी बसते.

दुसरी चूक गमतीची आहे. विद्यार्थी सीएसव्हीचा अभ्यास करतो आणि स्वतःच्या फाइलीलाच 'सीएसव्ही.पीवाय' असे नाव देतो. मग पायथॉन खऱ्या लायब्ररीऐवजी त्याचीच फाइल उचलतो व आत हवी ती आज्ञा नाही म्हणून अडतो. फाइलीचे नाव बदलले की दोष जातो.

३) वर्गणीचा हिशेब

पायथॉनला ०.१ + ०.२ विचारा. उत्तर ०.३ येत नाही; ०.३०००००००००००००००४ असे येते. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो, आणि ०.१ त्या पद्धतीत पूर्ण बसत नाही, हे याचे कारण. आणखी एक गोष्ट: 'राउंड' या आज्ञेला २.५ दिल्यास उत्तर ३ नव्हे तर २ येते, आणि ३.५ दिल्यास ४ येते. बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या ती जवळच्या सम संख्येकडे नेते. ही तिची ठरविलेली रीत आहे. म्हणून पैशांचा हिशेब पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवावा, किंवा 'डेसिमल' ही लायब्ररी वापरावी. तिला आकडा अवतरणचिन्हात द्यावा. तसाच दिल्यास आधीची चूक आतच शिरते.

देणगीदारांची यादी करताना दुसरा घोटाळा होतो. फंक्शनमध्ये 'यादी' या घटकाची मूळ किंमत म्हणून रिकामी लिस्ट लिहिली, तर ती प्रत्येक वेळी नवी मिळत नाही. फंक्शन तयार होताना ती एकदाच तयार होते आणि पुढे तीच वापरली जाते. परिणामी पेणच्या यादीत रोह्याचे देणगीदार दिसू लागतात. मूळ किंमत 'नन' ठेवावी व फंक्शनच्या आत नवी लिस्ट करावी.

४) सहा डिसेंबरचा बारा जून

आपल्या स्मरणातील चार तारखा घ्या : २०/०३/१९२७, चवदार तळ्याचा सत्याग्रह, २५/१२/१९२७, मनुस्मृती दहन, १४/१०/१९५६, धम्मदीक्षा, आणि ०६/१२/१९५६, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण. या तारखा 'पांडाज' या लायब्ररीला वाचावयास दिल्या, तर काय होते? ती अमेरिकन रीतीप्रमाणे महिना आधी धरते. जुन्या आवृत्त्या पहिल्या तीन तारखा बरोबर वाचीत, कारण वीस, पंचवीस किंवा चौदा असा महिना नसतो. चौथी मात्र १२ जून १९५६ अशी वाचली जाई, तीही काही तक्रार न करता. २०२३ च्या २.० या आवृत्तीपासून पहिल्या तारखेवरून रीत ठरविली जाते व तीच सर्वांना लावली जाते. म्हणजे सहा डिसेंबर यादीत सर्वांत वर असेल, तर पुढची तारीख वाचताना दोष येतो. पण बाराच्या आतल्याच तारखा असतील, तर आजही चूक निमूटपणे होते.

उपाय सोपा आहे. 'डेफर्स्ट' ट्रू ठेवावे, किंवा 'फॉरमॅट' मध्ये दिवस, महिना, वर्ष हा क्रम स्पष्ट सांगावा. त्याचप्रमाणे खाते क्रमांक व मोबाइल क्रमांक वाचताना तो स्तंभ मजकूर आहे असे सांगावे. नाहीतर आरंभीची शून्ये गळतात. दोष न दाखविता होणारी चूक ही सर्वांत घातक, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

५) आपली नावे, आपली लिपी

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. विंडोजवर फाइल उघडताना 'एन्कोडिंग' यूटीएफ-८ असे न लिहिल्यास मराठी मजकुरावर प्रोग्रॅम अडतो किंवा अक्षरे विद्रूप होतात. ३.१५ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरण्याचे ठरले आहे. तरी सांगण्याची सवय असावी. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडावयाची असेल, तर 'यूटीएफ-८-सिग' लिहावे. अशी फाइल नुसत्या यूटीएफ-८ ने वाचली, तर पहिल्या स्तंभाच्या नावामागे एक अदृश्य खूण चिकटते, आणि 'नाव' हा स्तंभ डोळ्यांना दिसत असूनही सापडत नाही.

'डोलवी' हा शब्द आपण तीन अक्षरांचा समजतो. 'लेन' ही आज्ञा पाच सांगते, कारण युनिकोडमध्ये ओकार व दीर्घ ईकार ही स्वतंत्र चिन्हे आहेत. येथूनच मोठी अडचण सुरू होते. नावात अक्षरेच आहेत ना, हे पाहण्यासाठी विद्यार्थी 'इजअल्फा' वापरतो. पायथॉन काना-मात्रा-वेलांटीला अक्षर धरीत नाही. त्यामुळे 'कमल' हे नाव मान्य होते आणि 'भीमा' अमान्य! शब्द वेगळे करणारी 'आरई' ही लायब्ररीही 'डोलवी'चे 'ड' आणि 'लव' असे दोन तुकडे करते. 'रेजेक्स' नावाची वेगळी लायब्ररी मिळते. ती मात्रा धरून शब्द अखंड ठेवते. ज्यांचे नाव नाकारले गेले त्यांनी समजावे की दोष नावात नसून नियमात आहे, आणि नियम लिहिणाऱ्याने तो सुधारावयाचा आहे.

आमच्यावरच आलेला प्रसंग सांगतो. सभासदांची यादी व वर्गणीची यादी आम्ही पायथॉनने ताडून पाहिली. आडनावात 'ऱ्ह' असलेले एक सभासद थकबाकीदार निघाले. त्यांनी तर पावती दाखविली! दोन्ही याद्यांत आडनाव दिसावयास अगदी एकच होते. एकीत ते 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने टंकित केले होते, तर दुसरीत 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. संगणकाच्या दृष्टीने ती दोन माणसे झाली. 'युनिकोडडेटा' लायब्ररीतील 'नॉर्मलाइज' ही आज्ञा 'र' खाली नुक्ता दिलेले रूप एक करते, पण हे जोडचिन्हाचे रूप ती बदलीत नाही. ते 'रिप्लेस'ने आपणच बदलावे लागते. 'स्ट्रिप'ने मागचीपुढची मोकळी जागाही काढावी. आम्ही तसे केले, यादी दुरुस्त केली व त्या सभासदांची क्षमा मागितली. ती यादी तशीच छापली असती, तर एका प्रामाणिक माणसावर बट्टा लागला असता. शिष्यवृत्तीची यादी असती, तर एखाद्या मुलीचे वर्ष गेले असते.

याद्या अकारविल्हे लावतानाही लक्ष द्यावे. 'सॉर्ट' युनिकोडच्या क्रमाने जाते. त्यामुळे 'क्षितिज' हे नाव 'क' मध्ये व 'ज्ञानेश्वर' हे 'ज' मध्ये जाते, आणि 'ळ' हा 'ह' नंतर न येता 'व' च्या आधी येतो. आपला क्रम हवा असल्यास तो 'की' देऊन सांगावा लागतो. एक सोय मात्र आहे : 'इंट' या आज्ञेला मराठी आकड्यांतील '१२५' दिले, तर ते तिला बरोबर समजतात.

मित्रहो, बुद्धांनी कालामांना सांगितले की, केवळ ऐकले म्हणून किंवा परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः तपासून पाहा. संगणकाने सांगितले म्हणून मान्य करणे हीही एक प्रकारची अंधश्रद्धाच होय. प्रत्येक नव्या प्रोग्रॅमला ज्याचे उत्तर आपणांस आधीच माहीत आहे असा प्रश्न प्रथम द्यावा : एक सहा डिसेंबर, एक 'भीमा', एक 'ऱ्ह' आणि एक अडीच रुपये. एवढी परीक्षा उतरला, तरच इतरांची नावे त्याच्या हाती द्यावीत.

ज्यांना पुढे नोकरीत असे प्रोग्रॅम लिहावयाचे आहेत, त्यांच्या हातून कोणाचे नाव गळू नये, एवढीच आमची अपेक्षा.

जय भीम! नमो बुद्धाय!