बायोडाटा तिचा, फाइलही तिच्याच हातात

अगं, लग्नाच्या बायोडाट्याचं तुझं पान पाहिलं. झकास झालंय. नाव, जन्मवेळ, कुलदैवत, मामाचं आडनाव भरलं की खाली मजकूर कसा नीटनेटका जुळून येतो! पण पुढे? बोटाने निवडून कॉपी करणं तुला-मला जमतं गं. सांगलीच्या मावशीला मोबाइलवर ते जमायचं नाही. निम्मा मजकूर निवडला जाईल आणि नेमक्या ‘अपेक्षा’ राहून जातील. तेव्हा ‘फाइल डाउनलोड करा’ असं ठसठशीत बटण दे.

आता तू काय करशील ते मला माहितीये. मजकूर सर्व्हरला धाडायचा, तिथे फाइल बनवायची, परत पाठवायची. नको गं बाई! जन्मवेळ, पगार, वडिलांचा मोबाइल नंबर, लोकांचं इतकं खाजगी आपल्या दारात कशाला आणून ठेवायचं? मजकूर ब्राउझरमध्ये तयार झालाय, तर फाइलही तिथेच होऊ दे. त्याचा ब्लॉब कर, क्रिएट-ऑब्जेक्ट-यूआरएलने तात्पुरता पत्ता घे, तो एका लिंकला दे, लिंकच्या डाउनलोड ॲट्रिब्यूटमध्ये फाइलचं नाव लिही आणि कोडमधूनच ती लिंक क्लिक कर. पाच-सहा ओळींचा तर मामला. मागाहून रिव्होक-ऑब्जेक्ट-यूआरएल तेवढं कर, नाहीतर पान उघडं असेपर्यंत मेमरी अडकून पडते. पण क्लिक झाल्या झाल्या नको, जरा दम धरून कर.

नावाकडे लक्ष दे हं. काहीच दिलं नाहीस तर ब्राउझर अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ ठेवून मोकळा होतो, मग शोधत बसा. ‘बायोडाटा’ आणि पुढे मुलीचं नाव, बास. देवनागरी चालतं. फक्त तारखेतली तिरकी रेघ आणि वेळेतलं कोलन नको, विंडोजला ती चिन्हं फाइलच्या नावात चालत नाहीत.

मराठी बिघडेल म्हणून घाबरू नकोस. ब्लॉबला दिलेला मजकूर यूटीएफ-८ मध्येच जातो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, तरी अख्खा बायोडाटा काही केबींतच मावतो. खरी गंमत एक्सेलमध्ये. वधू-वर सूचक मंडळाला यादी हवी म्हणून तू सीएसव्ही देशील, ते डबल-क्लिक करतील आणि नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. म्हणून सुरुवातीला बॉम घाल, युनिकोडमधलं यू+एफईएफएफ. डोळ्यांना दिसत नाही, पण ही यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला त्यावरूनच कळतं. तरीही मोबाइल नंबर सांभाळ. +९१ ने सुरू होणारा, मध्ये जागा न सोडलेला नंबर एक्सेल आकडा समजतं, अधिकचं चिन्ह गिळतं आणि उरलेल्याचं ९.१९८१२ई+११ असं काहीतरी दाखवतं. वरपक्षाने फोन कुठे करायचा? देशाचा कोड वेगळ्या रकान्यात टाक.

आणि हो, ‘पीडीएफ हवी’ असं कुणीतरी म्हणणारच. जावास्क्रिप्टच्या तयार पीडीएफ लायब्रऱ्यांच्या भरवशावर बसू नकोस. बऱ्याच जणींना जोडाक्षरं झेपत नाहीत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. सरळ प्रिंटची खिडकी उघडून दे, तिथे पीडीएफ म्हणून सेव्ह करता येतं आणि अक्षरं ब्राउझरच जुळवतो.

एक अडचण मात्र तुझ्या हातातली नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकवरून कुणी लिंक उघडली तर पान त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं, आणि तिथे ब्लॉबचं डाउनलोड पुष्कळदा होतच नाही. बटण दाबलं तरी ढिम्म! म्हणून शेजारी ‘कॉपी करा’ ठेवच. साइट एचटीटीपीएसवर नसेल तर क्लिपबोर्डचा नवा एपीआय चालत नाही, तेवढं आधी बघून घे.

लिंक सगळ्यांना पाठवण्याआधी बाबांच्या जुन्या फोनवर एकदा फाइल उतरवून बघ. तिथे चालली की मग खुशाल पाठव.