बेचिराख गाव

चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात सांजेला एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. बोलताना आपण त्याला बेचिराख म्हणतो. विदर्भात रिठी गाव म्हणतात.

गाव उठले तरी खूण राहते. भिंती पडतात, मातीला माती मिळते, तिथे उंचवटा होतो. हीच जुनी पांढरी. नांगर लागला की खापऱ्या निघतात. पुष्कळ शेतकरी ही माती गाड्या भरभरून शेतात नेतात, खत म्हणून. कोणाच्या चुलीची राख, कोणाच्या गोठ्याचे शेण त्यात मुरले आहे, हे कोण विचारतो!

पाचगणीच्या टेबललँडवरून खाली पाहा. वाईचे खोरे कसे भरलेले दिसते! पण एके काळी या मुलखात दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. तो १३९६ साली सुरू झाला आणि बारा वर्षे टिकला, असे सांगतात. माणसे मेली, उरलेली पोटासाठी देशोधडीला लागली. गावेच्या गावे ओस पडली. डोंगरी किल्ले पुंडांनी बळकावले.

असे दूर देशीही झाले. जर्मनीत १३४८ च्या सुमारास प्लेग आला. माणसे इतकी मेली की, खाणारी तोंडे कमी होऊन पुढे धान्याचा भाव पडला. हलक्या जमिनी कोण कसणार? लोक शहरात किंवा चांगल्या जमिनीकडे गेले. त्या शेतांवर रान माजले. आजही तिथल्या जंगलात झाडांखाली जुन्या नांगरटीचे वरंबे दिसतात.

आपल्याकडे गावे पुन्हा वसली. कशी, ते ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात सांगितले आहे. १४२९ साली बहामनी सुलतानाने मलिक-उत्-तुजार या सरदाराला फौज देऊन पाठवले. त्याने खटाव देशात आणि महादेवाच्या डोंगरात पुंडांचा बंदोबस्त केला. मग तो वाईकडे आला. वसाहतीचे काम दादो नरसो काळे यांच्याकडे होते. काळे जाणते गृहस्थ होते.

पण ओसाड रानात माणूस येईल कशाला? घर नाही, शेजार नाही, शेतात झाडोरा वाढलेला. म्हणून करार सोपा ठेवला. जो कसेल त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबराभर धान्य, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधतात तेवढी पिशवी. हे शहाणपणाचे झाले. पहिल्याच वर्षी वसुलीला शिपाई आला असता, तर कोण टिकले असते?

एक अडचण मात्र मोठी होती. शीव कुठे? शिवेचा दगड दाखवणारा म्हातारा उरला नव्हता. पाटील, कुलकर्णी मेले किंवा परागंदा झाले होते. वतनाचा हक्क सांगणार कोण? तेव्हा नव्याने शिवा घातल्या. जुनी दोन-दोन, तीन-तीन गावे एका शिवेत आली.

आता तुम्हाला वाचता येते. गावच्या जुन्या कागदात किंवा नकाशात बेचिराख हा शब्द आढळला, तर ते रान कोणत्या बाजूला आहे ते विचारा. तिथे जुनी पांढरी असेल, खापऱ्याही सापडतील.