कुत्र्याच्या गोचिडी : अंगावर थोड्या, जागेत जास्त

वस्तीवरचा कुत्रा रात्रभर राखण करतो. पण त्याच्या अंगावरील गोचिडींकडे आपले दुर्लक्ष होते. औषध लावले की काही दिवस बरे वाटते आणि गोचिडी पुन्हा दिसू लागतात. दर वेळी दोष औषधाचाच असतो असे नाही.

पुन्हा का होतात?

गाई-बैलांवर नेहमी आढळणारी गोचीड एकाच जनावरावर लहानाची मोठी होते. कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीचे तसे नाही. तिचे पिलू रक्त पिऊन खाली उतरते, कात टाकते व पुन्हा कुत्र्यावर चढते. पूर्ण वाढ होईपर्यंत असे दोनदा घडते. शेवटी रक्त पिऊन फुगलेली मादी भिंतीच्या भेगेत किंवा गोणपाटाखाली हजारो अंडी घालते. म्हणून बहुतेक गोचिडी कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेत असतात व तेथे उपाशी राहूनही कित्येक महिने जगतात.

गोचीड कशी काढावी?

१) कान, मान, काखा व बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात. काही रोगजंतू गोचीड चिकटल्यापासून थोड्या तासांतच कुत्र्याच्या रक्तात जाऊ शकतात.

२) बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीलगत तोंडाजवळ धरावी व पीळ न देता सावकाश सरळ ओढावी.

३) रॉकेल ओतू नये, विडी-काडीचा चटका देऊ नये. बोटांनी किंवा पायाखाली चिरडू नये.

४) काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये बुडवून मारावी. चाव्याची जागा धुऊन आयोडीन लावावे. हात साबणाने धुवावेत.

कायमचा बंदोबस्त

कुत्रा व जागा यांवर एकाच वेळी उपाय करावा. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढावे किंवा जाळून टाकावे. भेगा सिमेंटने बुजवाव्यात. पशुवैद्यकांनी सुचविलेले औषध फटींत फवारावे. त्या वेळी मुले, जनावरे व चारा दूर ठेवावा. अंड्यांतून नवी पिले निघत राहतात, म्हणून २-३ आठवड्यांनी फवारणी पुन्हा करावी.

कुत्र्यासाठी गोळी, थेंब किंवा गळपट्टा वजन व वय पाहून पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच वापरावा. पिकावरचे कीटकनाशक अंगावर कधीही लावू नये; कुत्रा अंग चाटतो व विषबाधा होते. गुरांचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन अंदाजाने देऊ नये. घरात मांजर असल्यास तसे आधी सांगावे, कारण पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराच्या जिवावर बेतते.

केव्हा दवाखाना गाठावा?

ताप, खाणे सोडणे, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा लालसर-काळपट लघवी यांपैकी काहीही दिसताच रक्त तपासून घ्यावे. एर्लिकिओसिस व बॅबेसिओसिस हे गोचिडींमार्फत होणारे रोग वेळीच ओळखले तर बहुधा बरे होतात. उशीर झाल्यास राखणदार हातचा जातो.