स्मरणशक्ती आणि जनुकांचे कार्य

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पाठ केलेले उत्तर सकाळी लिहिता येते. पण महिन्याभरात ते विरून जाते. उलट, बालपणी रोज म्हटलेले पाढे म्हातारपणीही आठवतात. या भेदाचे मूळ मेंदूतील पेशींच्या जनुकांपर्यंत जाते.

जनुके आनुवंशिक गुणधर्मांची वाहक आहेत, हे आपण शिकतो. परंतु त्यांचे कार्य जन्मासमवेत संपत नाही. प्रसंगानुरूप ती जागृत होतात व त्यांच्यातील संकेतानुसार पेशीत नवी प्रथिने निर्माण होतात.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी अभ्यासासाठी ‘अप्लिशिया’ ही समुद्री गोगलगाय निवडली. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात; हिच्यात अवघ्या २०,००० च्या आसपास. शेपटीला एकदा विजेचा सौम्य धक्का दिला, की तिला त्याची आठवण काही मिनिटेच राहते. येथे पेशींतील आधीच असलेल्या प्रथिनांत तात्पुरता बदल होतो. धक्के अंतराने पुनःपुन्हा दिले, तर संदेश पेशीकेंद्रकापर्यंत पोहोचतो. तेथे ‘क्रेब’ नावाचे प्रथिन विशिष्ट जनुके जागृत करते, नवी प्रथिने बनतात आणि मज्जापेशींमध्ये नवे जोड उगवतात. ही आठवण कित्येक दिवस टिकते. प्रथिननिर्मिती औषधाने रोखल्यास अल्पकालीन स्मृती राहते, पण दीर्घकालीन स्मृती घडतच नाही. या संशोधनासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

फळमाशीवरील प्रयोग आपल्याला अधिक जवळचा आहे. तिला एका गंधाचा धडा दहा वेळा, प्रत्येक वेळी १५ मिनिटांची विश्रांती देऊन शिकवला, तेव्हा आठवण आठवडाभर टिकली. तेच दहा धडे सलग दिले, तेव्हा अशी चिरस्मृती निर्माण झाली नाही. श्रम सारखेच, अंतर केवळ विश्रांतीचे!

माशी आणि मनुष्य यांत मोठा भेद आहे. तथापि अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हे माणसांवरील प्रयोगांतूनही दिसून आले आहे. म्हणून रोज थोडे वाचावे, काही दिवसांनी पुस्तक मिटून आठवून पाहावे आणि पुरेशी झोप घ्यावी.

‘अभ्यास आमच्या रक्तातच नाही’ असे म्हणून कित्येक मुले पुस्तक खाली ठेवतात. त्यांना हे अवश्य सांगावे, की जनुके केवळ पूर्वजांचे ऐकत नाहीत. ती आपल्या आजच्या अभ्यासालाही प्रतिसाद देतात.