गुणसूत्रांची अदलाबदल आणि रक्ताचा कर्करोग

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करतात. त्या मुख्यतः हाडांतील मज्जेत निर्माण होतात. त्यांची उत्पत्ती अनिर्बंध होऊ लागली म्हणजे जो विकार जडतो, त्यास ल्युकेमिया म्हणतात. तो मंदगतीने वाढणारा असल्यास त्यास जीर्ण ल्युकेमिया अशी संज्ञा आहे. हीच अनिर्बंध वाढ लसीका-ग्रंथींतील पेशींची झाली, तर त्या रोगास लिंफोमा हे नाव देतात. या रोगांचे मूळ शोधण्याच्या कार्यात शिकागो विद्यापीठाच्या डॉ. जॅनेट रौली (१९२५–२०१३) यांचा वाटा फार मोठा आहे.

मानवी पेशीच्या केंद्रकात सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. आनुवंशिक गुणांचा लेख त्यांतच साठविलेला असतो. १९६० साली फिलाडेल्फिया येथील पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना मज्जाजन्य जीर्ण ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड आढळले. शहराच्या नावावरून त्यास फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. त्याचा एक तुकडा गळून नष्ट झाला असावा, असा त्या वेळी समज होता. शिवाय, गुणसूत्रांतील असा बिघाड हा कर्करोगाचा परिणाम होय, कारण नव्हे, असे अनेक शास्त्रज्ञ मानीत. कोसळलेल्या घरात तुळया मोडलेल्या दिसतात. परंतु तुळया मोडल्यामुळे घर पडले की घर पडल्यामुळे तुळया मोडल्या, हे नुसता ढिगारा पाहून कसे सांगावे?

डॉ. रौली चार मुलांचा संसार सांभाळून अर्धवेळ संशोधन करीत. १९७० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे त्यांनी गुणसूत्रे रंगविण्याची नवी पद्धती शिकून घेतली. या पद्धतीने प्रत्येक गुणसूत्रावर ठराविक पट्टे उमटतात व त्यांवरून ते निश्चित ओळखता येते. सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे घरी आणून, जेवणाच्या मेजावर त्या एकेक गुणसूत्र कात्रीने कापून जोड्या लावीत बसत. आईला कागदी बाहुल्यांशी खेळण्याचा पगार मिळतो, अशी मुले थट्टा करीत.

१९७२ साली या कात्रणांतून एक आश्चर्यकारक गोष्ट पुढे आली. २२ क्रमांकाचे गुणसूत्र जेवढे आखूड झाले होते, साधारण तेवढेच ९ क्रमांकाचे लांब झाले होते! म्हणजे तुकडा नष्ट झालेला नव्हता, तर तो दुसरीकडे जाऊन चिकटला होता. १९७३ साली हा शोध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या रुग्णांत हीच अदलाबदल आढळली. हा केवळ ढिगारा असता, तर मोडतोड प्रत्येक वेळी निराळी दिसली असती. बिघाड जर ठराविक असेल, तर रोगाचे मूळ तेथेच शोधले पाहिजे, हा विचार येथून बळावला.

पुढे १९८० नंतरच्या दशकात असे दिसून आले, की या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांस जोडली जातात. या जोडजनुकापासून बनणारे प्रथिन पेशीला वाढीचा आदेश अखंड देत राहते. हा आदेश थांबविणारे इमॅटिनिब हे औषध १९९८ पासून रुग्णांवर अजमाविले गेले व २००१ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पूर्वी ज्या रोगात बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत, त्यात आज औषधाचा चांगला गुण येणारे अनेकजण जवळजवळ सामान्य आयुष्य जगतात.

लिंफोमाच्या बाबतीतही डॉ. रौली व त्यांच्या सहकाऱ्यांना असाच अनुभव आला. फॉलिक्युलर लिंफोमा या प्रकारात १४ व १८ या गुणसूत्रांची अदलाबदल होते. येथे मात्र यंत्रणा वेगळी आहे. या अदलाबदलीमुळे पेशीचा मृत्यू टाळणारे प्रथिन अतोनात वाढते आणि ज्या पेशींनी यथाकाल मरावयाचे, त्या जिवंत राहून साचत जातात. हेच प्रथिन लसीकापेशींच्या जीर्ण ल्युकेमियातही विपुल असते. त्यास आवर घालणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधास २०१६ साली अमेरिकेत त्या रोगासाठी मान्यता मिळाली.

अर्थात सर्वच ल्युकेमियांचे मूळ एवढे सरळ नसते. कित्येकांत अनेक बिघाड एकत्र आढळतात. तरीही रोग्याच्या पेशींतील नेमका बिघाड ओळखून मग औषध ठरविण्याची जी रीत आज रूढ झाली आहे, तिच्या आरंभीच्या पायऱ्यांपैकी एक त्या जेवणाच्या मेजावर घडविली गेली, हे वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावे.